पवळ्या दाराशी

आजही पहाटे तोच. या आठवड्यात तिसऱ्यांदा.

पवळ्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या दारात उभा. जिना कसा चढला, असं स्वप्नात एकदाही मनात आलं नाही. खांद्यावरचा घट्टा, जू घासून घासून केस गेलेली ती काळी जागा, तूप-हळदीनं चमकत होती. शिंग हलवलं नाही, हंबरला नाही, नुसता आत बघत होता. आणि मी ओट्याशी एकेक डबा उघडून बघतेय. सगळे रिकामे. त्याच्यापुढं ठेवायला घरात काही नाही. जाग आली ती त्या लाजेनंच.

आईला फोनवर सांगितलं. तिनं एकच विचारलं, "तोंड कुणीकडं होतं?"

पोटात गोळाच आला. गुरुवारी रिपोर्ट आहे. चरकसंहितेत लिहिलंय, स्वप्नात कुत्रं, उंट किंवा गाढवावर बसून जो दक्षिणेला जातो तो क्षयानं जातो. रामायणात भरतालाही दशरथ तसाच दिसतो, गाढवं जुंपलेल्या रथात, दक्षिणेकडं निघालेला. आईनं यातलं काही वाचलेलं नाही, तिला ते तिच्या आईकडून आलंय. आमचं दार दक्षिणेला. म्हटलं, "आत बघत होता. म्हणजे उत्तरेलाच की."

बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आलाय म्हण मग. जात नव्हता."

तिचं समाधान झालं. माझ्या डोक्यातून ते रिकामे डबे जाईनात.

त्याच चरकानं स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत, आणि पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मागितलेलं, कल्पिलेलं ही पहिली पाच निष्फळ ठरवलीत. माझं अनुभवलेलं. खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तुटलंच आतून. इतक्या वर्षांनी आला तो, आणि त्याला काही अर्थच नाही?

मानसशास्त्रज्ञ युंगच्या मते स्वप्नातलं जनावर म्हणजे आपल्यातलीच उपजत प्रेरणा. असेल. पण तो घट्टा पवळ्याचाच होता, मी त्यावरून हात फिरवलाय. त्यापेक्षा फ्रॉइडनं 1918 मध्ये छापलेलं ते लांडग्यांचं स्वप्न मला जवळचं वाटतं. त्याच्या एका रुग्णाला लहानपणी पडलेलं. खिडकी आपोआप उघडते, बाहेर अक्रोडाच्या झाडावर पांढरे लांडगे बसलेले, सहा की सात. पुढं चित्र काढून दाखवलं त्यात पाचच. ते काहीही करत नाहीत, नुसते टक लावून बघतात. फ्रॉइडनं त्या निश्चलपणाचा उलटा अर्थ लावला, तो मला ओढूनताणून वाटतो. जनावर काही न करता बघत राहतं, तेच सोसत नाही.

खांदेमळणीची संध्याकाळ. वाटी अण्णांच्या हातात. त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी म्हटलं होतं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." नऊ वर्षांची असेन. पोळा झाला आणि आठव्या दिवशी दावं रिकामं. ट्रॅक्टर आला होता, अण्णांचाही इलाज नव्हता. त्या रात्री अण्णा... जाऊ दे.

मला कुणी विचारलं नव्हतं. आताही कुठं विचारतात! कुठला डॉक्टर, कधी न्यायचं, सगळं ठरल्यावर मला फोन. दुपारी रडून घेतलं.

मग भांडी घासता घासता वाटलं, आवतण दिलं होतं ते एका दिवसाचं, आणि त्या दिवशी तो जेवला होता. पुरणपोळी माझ्याच हातून खाल्ली, तळहात चाटून ओला केला. त्याचं काही राहिलेलं नाही माझ्याकडं. तरी येतोय तर येऊ दे.

परवा पोळा. पाव किलोनं भागणार होतं, दोघंच तर आहोत. मी किलोभर हरभऱ्याची डाळ आणली. "एवढी?" ह्यांनी विचारलं. म्हटलं, असू दे घरात.