छेद काढल्यानंतरची ओळ

अपूर्णांक असलेल्या समीकरणात लसावि सहसा चुकत नाही. गडबड होते ती त्याच्या पुढच्या ओळीत.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं (इ.स. ११५०) भुंग्यांचं गणित घ्या. थव्यातले १/५ भुंगे कदंबावर गेले, १/३ शिलींध्राच्या फुलांवर, आणि या दोन संख्यांमधल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, म्हणजे आपल्या कुड्यावर. एक भुंगा मागे घिरट्या घालत राहिला. एकूण भुंगे क्ष मानू.

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

लसावि १५. दोन्ही बाजूंना १५ ने गुणायचं, म्हणजे एकूण एक पदाला गुणायचं:

३क्ष + ५क्ष + ३(५क्ष − ३क्ष) + १५ = १५क्ष
१४क्ष + १५ = १५क्ष
क्ष = १५

बरीच मुलं इथे +१ तसाच ठेवतात, कारण त्याच्याखाली छेद दिसत नाही. मग क्ष = १ येतो आणि एकाच भुंग्याचा पाचवा हिस्सा कदंबावर जाऊन बसतो! ज्याला छेद नाही त्याचा छेद १ असतो. सुरुवातीला १/१ असं लिहूनच घ्या, ही चूक जवळजवळ बंद होते.

दुसरी चूक जास्त चिवट आहे.

(क्ष + ३)/२ − (क्ष − १)/३ = ४

६ ने गुणल्यावर ३(क्ष + ३) − २(क्ष − १) = २४. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचंही काम करते. रेघ गेली की कंस लिहावाच लागतो. −२ गुणिले −१ म्हणजे +२, म्हणून क्ष + ११ = २४ आणि क्ष = १३. कंस न लिहिता घाईत −२ केलं तर १७ येतं. ताळा मूळ समीकरणातच करा: १६/२ − १२/३ = ८ − ४ = ४. मधल्या ओळीत केलेला ताळा त्याआधीची चूक पकडत नाही.

छेद जातो तो बरोबरच्या चिन्हामुळे, दोन्ही बाजू सारख्याच पटीत वाढल्या म्हणून. नुसती क्ष/२ + क्ष/३ ही बेरीज ५क्ष/६ आहे, तिथला ६ टाकून देता येत नाही. तिरकस गुणाकारही दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तरच करावा.

‘लीलावती’त भुंग्यांचं गणित इष्टकर्माने सुटतं. सोयीची संख्या धरा, समजा ३०. मग ६ + १० + १२ = २८ गेले, २ उरले. उरायला हवा होता १, म्हणून ३० × १ ÷ २ = १५. तोंडी करायला ही रीत फार छान आहे. मात्र प्रत्येक हिस्सा एकूण संख्येच्या पटीत असेल तिथेच ती चालते. (क्ष + ३)/२ मधला ३ क्ष बरोबर वाढत नाही, म्हणून त्या समीकरणाला लसाविच लागतो.