लिंडिसफार्नचा रस्ता बंद झाला तेव्हा

मी टूर मॅनेजर आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या टूरमध्ये सगळ्यात जास्त टेन्शन मला लिंडिसफार्नच्या दिवसाचं असतं. नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्याला लागून हे बेट आहे, तिथे जायला समुद्रातूनच एक डांबरी रस्ता आहे, 1954 साली झालेला, आणि भरती आली की तो रोज दोनदा पाण्याखाली जातो. मग पाच-सहा तास ना कोणी आत येत ना बाहेर जात. रस्त्याच्या मध्यात खांबांवर एक पांढरी खोली उभी केलीय, गाडी अडकली तर माणसांनी जीव वाचवायला वर चढायचं म्हणून. वेळापत्रक आधीच जाहीर असतं, रस्त्यावर बोर्ड असतो, तरी दरवर्षी कोणाची ना कोणाची गाडी बुडतेच.

त्या दिवशी साडेबाराला रस्ता बंद होणार होता, म्हणून बाराला बस हलवायची आणि मग सीहाउसेस बंदरावरून दुपारच्या बोटीने फार्न बेटांवर पफिन हे समुद्रपक्षी बघायला जायचं असा प्लॅन होता. ग्रुपमधल्या एक काकू तर फक्त पफिनसाठीच टूरला आल्या होत्या, दुर्बीण गळ्यात, छोटी वही पर्समध्ये, दिसला पक्षी की नाव-वेळ लिहून ठेवणार.

सव्वाअकराला किल्ल्यावरून फोन, त्याच काकूंच्या मिस्टरांना, म्हणजे काकांना, चक्कर आलीय.

किल्ला गावापासून दीडेक किलोमीटर लांब, एका सुट्या खडकावर, आणि वर जायचा दगडी चढ चांगलाच अंगावर येतो. मी पोचले तेव्हा काका भिंतीला टेकून बसलेले, घाम फुटलेला, हात थरथरत होते. डायबेटिस आहे, सकाळी गोळी घेतली पण नाश्ता नीट केला नव्हता, शुगर उतरली होती. काकूंनी पर्समधलं ग्लुकोमीटर काढून बघितलं, साखर दिली, आणि मी 111 वर, म्हणजे तिथल्या वैद्यकीय सल्ल्याच्या नंबरवर, फोन लावला, तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे विचारून घेतलं आणि सांगितलं की दर पंधरा मिनिटांनी शुगर बघा, बरं वाटेपर्यंत त्यांना अजिबात चालायला लावू नका.

बाराला दहा कमी. बस गावाच्या त्या टोकाला. चाळीस जणांना थांबवलं तर सगळ्यांची बोट गेली आणि काकांना ओढत नेलं तर वाटेत काय होईल सांगता येत नाही. मी माझ्या ज्युनिअरला फोन करून म्हटलं तू ग्रुप घेऊन निघ, मी इथेच थांबते. काकू म्हणाल्या, "अगं तू जा, आम्ही दोघं बसतो की." म्हटलं काकू, हेच माझं काम आहे. मनात मात्र धाकधूक होती, कारण पाणी भरल्यावर खरंच काही झालं असतं तर हेलिकॉप्टर किंवा लाइफबोट एवढंच उरतं.

अर्ध्या तासात काकांची शुगर जागेवर आली, चेहऱ्यावर रंग आला. किल्ल्यावरच्या एका भल्या माणसाने स्वतःच्या गाडीतून आम्हाला गावात सोडलं, आणि काका गाडीत सगळ्यात आधी काय बोलले तर, "हा किल्ला ल्युटेन्सने केलाय ना? राष्ट्रपती भवनवाला?" हो तोच. सोळाव्या शतकातला हा छोटासा लष्करी किल्ला 1901 मध्ये ‘कंट्री लाइफ’ मासिकाचा मालक एडवर्ड हडसनने घेतला आणि ल्युटेन्सने त्याचं राहतं घर करून दिलं, दिल्लीच्या कितीतरी आधी. काका सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे त्यांना बोलतं ठेवायला हा विषय मला फार कामाला आला.

आणि मग बेट रिकामं झालं. म्हणजे खरंच रिकामं, शेवटच्या गाड्या गेल्या आणि राहिली ती दीडेकशे वस्तीची माणसं आणि आमच्यासारखे थोडे. पडक्या मठाच्या मागे एक लांबट टेकाड आहे, तिथल्या बाकावर आम्ही बसलो. समोर वाळूच्या पट्ट्यावर ग्रे सील पसरलेले, शेकडो, आणि त्यांचा आवाज, लांबून कोणीतरी हुंकार देत गातंय असा, एकाचा थांबला की दुसऱ्याचा. पाणी चढत होतं तसा पट्टा बारीक होत गेला. सील आधी एकमेकांना खेटून वर सरकले, मग कडेचे एकेक करून पाण्यात घसरले, आणि शेवटी वाळूही नाही, नुसती काळी डोकी वरखाली. हे व्हायला दोन तास लागले असतील आणि ते दोन तास आम्ही तिघं जागचे हललो नाही. एवढ्या वेळा ग्रुप घेऊन आलेय पण हे मी कधी बघितलंच नव्हतं, कारण आम्ही नेहमी घड्याळ बघत पळतो.

काकूंनी बंदराकडे बोट केलं, आयडर बदकं, चार-पाच माद्या आणि मध्ये बारकी पिल्लं. एकीचीच नाहीत, बऱ्याच जणींची पिल्लं एकत्र करून त्या सांभाळतात. इथे त्यांना कडीची बदकं म्हणतात, कडी म्हणजे सेंट कथबर्ट, सातव्या शतकात या मठाचा प्रमुख होता, पुढे फार्नवर एकटा राहिला आणि 687 मध्ये तिथेच वारला. या बदकांना मारू नये असा नियम त्याने केला होता असं मानतात. पुढे 793 मध्ये याच मठावर व्हायकिंगांनी हल्ला केला. बसमध्ये माइकवरून हे सगळं मी नेहमीच सांगते, पण त्या टेकाडावर सांगताना प्रश्न थांबतच नव्हते.

साडेपाचनंतर रस्ता उघडला, टॅक्सी करून हॉटेल गाठलं. ग्रुप खूश होता, आर्क्टिक टर्न पक्ष्यांनी टोप्यांवर टोचा मारल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर, पफिन तर पावलापावलाला. काकू सगळे व्हिडिओ हौसेने बघत होत्या, एका शब्दाने तक्रार नाही. मलाच राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप बॅम्बराच्या किल्ल्यावर होता, काकांना रात्री डॉक्टरने तपासून हिरवा कंदील दिला होता, तेवढ्या वेळात मी दोघांना घेऊन बोटीवर गेले. ही बेटावर न उतरणारी, नुसती फेरी मारणारी बोट. मागे काळ्या खडकावर बॅम्बरा, 1464 मध्ये तोफांनी पडलेला इंग्लंडमधला पहिला किल्ला, पण काकू तिकडे बघायलाही तयार नव्हत्या. पहिला पफिन बोटीला लागूनच पाण्यावर होता, चोचीत चांदीसारखे सँड ईल मासे आडवे लटकलेले, बिळातल्या एकुलत्या एका पिल्लासाठी. "एवढासाच असतो?" काकू ओरडल्या. एवढासाच असतो, जेमतेम पट्टीएवढा, फोटोत मोठा वाटतो. वहीत लिहिताना त्यांचा हात थंडीने वाकडातिकडा चालत होता.

आल्यावर ऑफिसमध्ये भांडून मी या भागाचा प्लॅन बदलून घेतला. पाच तास एका बेटावर लोक काय करणार, हाच त्यांचा प्रश्न होता. आता माझ्या ग्रुपला दुपारी रस्ता बंद होणारा दिवस मुद्दाम निवडते, पाणी भरायच्या आधी सगळ्यांना टेकाडावर नेते, फार्नची बोट दुसऱ्या दिवशी ठेवते, आणि तारखा शक्यतो जूनमध्येच घेते, कारण जुलै संपता संपता पफिन समुद्रात निघून जातात. बसमधून उतरायच्या आधी नाश्ता केला का, गोळ्या घेतल्या का, हे आता प्रत्येकाला विचारते.