मेच्या अखेरीस ओक्लाहोमा-कॅन्सस: टोर्नेडो कधी येतो आणि कुठे उभं राहायचं

ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरातली सकाळ फसवी असते. मेचा शेवटचा आठवडा, आभाळ राखाडी, दक्षिणेकडून चिकट दमट वारा, आणि मोटेलच्या न्याहारीच्या टेबलांवर टोर्नेडो बघायला आलेली मंडळी निवांत कॉफी पीत बसलेली. घाई करून उपयोगच नसतो. सात वाजता हवामानाचे फुगे वर जातात, त्यांची मोजमापं हाताशी येतात आणि साडेअकराच्या सुमाराला स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा सुधारित अंदाज निघतो. हे केंद्र इथेच, नॉर्मनच्या नॅशनल वेदर सेंटरच्या इमारतीत आहे. त्या नकाशावर ‘१० टक्के’ दिसलं की नवख्याला वाटतं, एवढंच? पण तो आकडा ‘तुमच्यापासून २५ मैलांच्या, म्हणजे ४० किलोमीटरच्या आत टोर्नेडो होण्याची शक्यता’ सांगतो. एरवीच्या दिवशी ती शून्याला चिकटून असते. १० टक्के दिसले की टाकी भरून घ्यायची. ३० दिसले तर आम्ही पाठलागाचा बेतच बदलतो, कारण अशा दिवशी वादळं वेगानं पळतात आणि रस्ते गाड्यांनी तुंबतात.

आता आकड्यांचं बघू. अमेरिकेत वर्षाला सरासरी १२०० च्या आसपास टोर्नेडो होतात. २००४ साली ते १८०० च्या वर गेले होते. सरासरीनं सर्वाधिक मे महिन्यात, मग एप्रिल आणि जून. मात्र यातले दहापैकी आठ दुबळे असतात, ईएफ-० किंवा ईएफ-१ (ईएफ म्हणजे टोर्नेडोची ताकद सांगणारी ० ते ५ अशी श्रेणी). पत्रे उडाले, फांद्या मोडल्या, दहा मिनिटांत संपलं. ईएफ-४ आणि ईएफ-५ मिळून शंभरात एखादाच, पण मृत्यूंचा मोठा वाटा त्यांच्याच खात्यावर. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: १९९० च्या दशकात डॉप्लर रडारचं जाळं पसरलं तेव्हापासून नोंदी वाढल्या, त्या मुख्यतः दुबळ्यांच्या. पूर्वी माळरानावर पाच मिनिटं फिरून विरलेला टोर्नेडो कुणाच्या वहीत चढतच नसे. त्यामुळे ‘टोर्नेडो दुप्पट झाले’ असं कुणी म्हणालं तर आधी विचारावं, कुठल्या ताकदीचे?

सगळ्यात जबर टोर्नेडोंची तारीखवारी वेगळीच दिसते. ईएफ मापनपद्धत फेब्रुवारी २००७ मध्ये लागू झाली. तेव्हापासून २०२५ अखेरपर्यंत अमेरिकेत ईएफ-५ ठरलेले टोर्नेडो फक्त दहा. पाच मे महिन्यातले. चार एप्रिलमधले, आणि तेही चारही एकाच दिवशी, २७ एप्रिल २०११ ला, मिसिसिपी आणि अलाबामात. दहावा जूनमधला, २० जून २०२५ चा, नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनजवळचा. मोठे टोर्नेडो हप्त्याहप्त्यानं येत नाहीत. वर्षानुवर्षं काहीच नाही, आणि एका दुपारी चार. ओक्लाहोमातल्या मूर शहरावरच्या २०१३ च्या टोर्नेडोनंतर एंडरलिनपर्यंत तब्बल बारा वर्षं एकही ईएफ-५ नव्हता.

त्यातही गोम आहे. ईएफ आकडा वारा मोजून ठरत नाही, पडझड बघून ठरतो. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला एल रीनोजवळ ३१ मे २०१३ ला ४.२ किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो झाला, नोंदलेल्यांतला सर्वात रुंद. गाडीवर बसवलेल्या रडारनं ईएफ-५ च्या कितीतरी वरचे वारे टिपले, पण अधिकृत नोंद ईएफ-३, कारण तो बहुतांशी शेतांवरून गेला आणि पाडायला फारसं काही नव्हतं. आज तिथे उभं राहिलं की गहू, कुंपणाच्या तारा आणि सरळसोट रस्ते दिसतात, बाकी काही नाही. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे मुरलेले टोर्नेडो-अभ्यासक त्या दिवशी इथेच दगावले. वादळ काही मिनिटांत फुगलं आणि त्यानं दिशा बदलली.

म्हणून जागा कशी निवडायची ते नीट सांगतो. मैदानी प्रदेशात वसंतातलं सुपरसेल, म्हणजे आतून गरगरणारं मोठं गडगडाटी वादळ, बहुधा नैऋत्येकडून ईशान्येकडे सरकतं. गारांचा आणि पावसाचा मोठा पडदा त्याच्या पुढच्या, उत्तरेकडच्या अंगाला असतो. टोर्नेडो होतो तो नैऋत्येच्या टोकाशी, पाऊस नसलेल्या काळ्या सपाट तळाखाली. तेव्हा उभं राहायचं वादळाच्या आग्नेयेला, तोंड वायव्येकडे, तीन-चार किलोमीटर अंतर राखून, गाडीचं नाक दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे वळवून. वायव्येकडून ‘पडदा फाडून’ आत शिरण्याचा मोह टाळावा. काचा फोडणाऱ्या गारा आधी भेटतात, आणि पाऊस संपतो तिथेच नेमका टोर्नेडो असू शकतो.

नजर ठेवायची ती वॉल क्लाउडवर, म्हणजे तळाखाली लोंबणाऱ्या ढगाच्या ठोकळ्यावर. नुसता लोंबतोय यात विशेष काही नाही, तसे दिवसभरात डझनभर दिसतील. तो सावकाश पण ठामपणे गरगरतोय का, त्याच्याकडे दमट हवा ओढली जातेय का, आणि त्याच्या नैऋत्येला अचानक उजळ खाच पडली का, हे बघायचं. ही खाच म्हणजे वादळाच्या पाठीमागून खाली उतरणारी हवा ढग खात आत शिरते आहे. ती वॉल क्लाउडभोवती वळसा घालू लागली की पुढची दहा मिनिटं कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालू नये. एक भ्रमही ओळखून ठेवावा: टोर्नेडो डावी-उजवीकडे सरकताना दिसत नसेल आणि फक्त जाड होत असेल, तर तो थांबलेला नाही, तुमच्याकडेच येतोय.

रस्त्यांचं गणित सोपं आहे. बऱ्याच भागात दर मैलाला चौकटीसारखा एक रस्ता. पण त्यातले कितीतरी कच्चे, आणि ओक्लाहोमाची लाल माती भिजली की साबणासारखी होते. नकाशावर पळवाट दिसते, गाडी मात्र चरात जाते. आम्ही डांबरी रस्ता सोडत नाही, आणि नदी लागली की पूल कुठे आहे ते आधी बघून ठेवतो. महामार्गावरच्या पुलाखाली आसरा घेणं हा जुना गैरसमज. वारा तिथे चिंचोळ्या जागेत आणखी जोर धरतो आणि उडता मलबाही तिथूनच जातो. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली तीन जण दगावले.

वेळ म्हणाल तर दुपारी चार ते रात्री नऊ हा खरा हंगाम. तापलेल्या जमिनीवरची हवा वरच्या उबदार थराचं झाकण फोडायला तोवर वेळ घेते. झाकण फारच घट्ट असेल तर दिवस कोरडा जातो. सकाळीच फुटलं तर ताकद विखुरते. उशिरा आणि एका जागी फुटलं, की बिकट. मूरचा टोर्नेडो मात्र २० मे २०१३ ला २ वाजून ५६ मिनिटांनी सुरू झाला. शाळा सुटायची होती. ३९ मिनिटं, २४ मृत्यू.

मूर नॉर्मनहून पंधरा-वीस मिनिटांवर. तिथल्या नव्या वसाहतीत एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे: गॅरेजचं दार. मोठं, पातळ दार आत दबलं की वारा घरात घुसतो आणि छपराला खालून ढकलतो. वरून खेच, खालून धक्का, मग छप्पर उचललं जातं आणि आधार सुटलेल्या भिंती कोसळतात. २०१४ साली शहरानं नव्या घरांसाठी ताशी १३५ मैल, म्हणजे सुमारे २१७ किलोमीटर वाऱ्याचा नियम केला. भक्कम गॅरेज दार आणि छपराचे वासे भिंतीला जखडणाऱ्या धातूच्या पट्ट्या त्यातूनच आल्या. ईएफ-५ पुढे हे टिकणार नाही, पण टोर्नेडोच्या वाटेवरची बहुतेक घरं त्याच्या कडेला असतात, आणि तिथे ते कामी येतं.

उत्तरेला कॅन्ससमध्ये ग्रीन्सबर्ग आहे. ४ मे २००७, रात्री पावणेदहाचा सुमार, टोर्नेडोची रुंदी २.७ किलोमीटर, गावापेक्षा जास्त. ९५ टक्के गाव गेलं, पहिला ईएफ-५ ठरला तो हाच. हातानं खणलेल्या १०९ फूट खोल विहिरीवर आता संग्रहालय उभं आहे. विहिरीत उतरायला जिना आहे आणि टोर्नेडोची हकिगतही तिथेच मांडली आहे.

मैदानातला जोर जूनमध्ये उत्तरेकडे, नेब्रास्का-डकोटाकडे सरकतो. दक्षिणेच्या अलाबामा-मिसिसिपीत मात्र मार्च-एप्रिल आणि पुन्हा नोव्हेंबर-डिसेंबर वाईट. तिकडे पाठलागाला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. झाडी दाट, टेकड्या, वादळं ताशी ९०-१०० किलोमीटरनं पळणारी आणि कितीतरी रात्रीची. केंटकीतलं मेफील्ड १० डिसेंबर २०२१ च्या रात्री असंच सापडलं.

पश्चिम ओक्लाहोमात मेअखेर पावणेनऊला सूर्य मावळतो. त्यानंतर टोर्नेडो फक्त विजेच्या लखलखाटात दिसतो, म्हणजे दिसतच नाही. आम्ही साडेआठलाच गाडी दक्षिणेला वळवतो. मुक्कामाला पोचल्यावर आधी खालच्या मजल्यावरची खिडकी नसलेली खोली कुठली ते विचारायचं, मग सामान उतरवायचं.