दुब्रोव्हनिक ते ओहरिड, बसने

मे महिन्यात मी आणि माझी मावसबहीण, आम्ही दोघींनी १६ दिवसांत पाच देश केले: क्रोएशिया, बोस्निया, माँटेनेग्रो, अल्बेनिया, उत्तर मॅसिडोनिया. टूर कंपनी नाही, भाड्याची गाडी नाही. जाणाऱ्यांना पहिलं सांगणं हे, की नकाशाच्या आधी व्हिसा बघा.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात) आहे, बाकीचे चार नाहीत. आमच्याकडे शेंगेनचा मल्टिपल एंट्री व्हिसा होता, म्हणून त्या चार देशांसाठी वेगळा काढावा लागला नाही. सिंगल एंट्री असेल तर बोस्नियातल्या मोस्तारच्या बसमध्ये बसलात की पुन्हा क्रोएशियात येता येत नाही, म्हणजे परतीचं विमानही तिथून धरता येत नाही. नियम बदलतात. तिकीट काढण्याआधी प्रत्येक दूतावासाची माहिती स्वतः वाचा. सर्बिया आणि कोसोव्हो दोन्ही करायचे असतील तर सर्बिया आधी. सर्बिया कोसोव्होला वेगळा देश मानत नाही. अल्बेनियाकडून कोसोव्होत शिरून पुढे सर्बियाच्या सीमेवर गेलात तर परत पाठवतात. एवढं सांभाळण्यापेक्षा आम्ही दोन्ही सोडले.

मोस्तारचा १५६६चा पूल ९ नोव्हेंबर १९९३ला तोफांनी पाडला, २००४मध्ये पुन्हा उभा राहिला. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून रात्री मुक्काम करा आणि सकाळी सातला पुलावर जा. तिथून सारायेव्होला मात्र बस नको, रेल्वेच. नेरेत्वा नदी, याब्लानित्साचा तलाव, मग बोगद्यांतून वळणं घेत चढ. दोन तास आम्ही खिडकी सोडली नाही. गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, वेळ आदल्या दिवशी स्टेशनवर विचारा.

सारायेव्होत आमची सकाळ वाया गेली. माँटेनेग्रोच्या बऱ्याच बस रेल्वे स्टेशनशेजारच्या स्टँडवरून नव्हे, पूर्व सारायेव्होतल्या लुकावित्साहून सुटतात, हे तिकीट काढायला गेल्यावर कळलं.

शाकाहारींनी घाबरू नये. बोस्नियात सारण भरलेल्या भाजक्या पापुद्र्यांच्या पदार्थात ‘बुरेक’ म्हणजे खिम्याचंच; चीजचं ‘सिर्नित्सा’, पालकाचं ‘झेल्यानित्सा’, बटाट्याचं ‘क्रोम्पिरुशा’. नावं पाठ करून जा, उपाशी राहणार नाही.

सुटे पैसे जवळ हवेतच. बसच्या डिकीत बॅग ठेवायला एक-दोन मार्क (बोस्नियाचं चलन) वेगळे द्यावे लागतात. मार्क बोस्नियाबाहेर कोणी बदलून देत नाही, तिथेच संपवा. माँटेनेग्रोत युरो, अल्बेनियात लेक, पुढे उत्तर मॅसिडोनियात देनार. अल्बेनियातल्या ‘फुर्गोन’ म्हणजे आपली वडाप: भरली की निघते. दुपारनंतर त्या कमी होतात, म्हणून उत्तर अल्बेनियातल्या श्कोडरहून सकाळीच निघा.

उत्तर मॅसिडोनियातल्या ओहरिडला तीन रात्री ठेवा. आम्ही एकच ठेवली होती. तलावाच्या दक्षिण टोकाचा स्वेती नाउम मठ आणि तिथले नितळ झरे राहूनच गेले.