कॅनॉल बंद, आता वसंतापर्यंत इथेच

नोव्हेंबर, बुधवार रात्र

फ्रान्समधल्या ह्या गावात बुधवारी मुलांना शाळा नसते त्यामुळे आज दिवसभर चौघंही आमच्या राहत्या बोटीत. काठावरून बोट लांबलचक दिसते, पण इंजिनरूम, व्हीलहाऊस म्हणजे बोट चालवायची केबिन, टाक्या वजा केल्या की राहायला उरतं ते एक चिंचोळं घर, ओट्याशी एकजण उभा असला की दुसऱ्याने अंग चोरून जायचं. धाकट्याने जेवणाच्या टेबलावर चिखलाचे बूट ठेवले, मोठीला तिथेच नकाशाचा प्रोजेक्ट करायचा होता, आणि नवरा फरशीची फळी उचलून बिल्जपंप, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी उपसणारा पंप, तपासत बसलेला. आरडाओरडा झालाच.

काल सांगलीहून वहिनीचा मेसेज आला होता, तुमचं बरंय बाई, वाटेल तिथे जाता, ना भाडं ना सोसायटीची कटकट. प्रेमानेच लिहिलंय तिने. पण लीड्सची सासरची माणसंपण हेच म्हणतात आणि मला मात्र हे वाटेल तिथे जाणं बोटीवर कधी सापडलंच नाही. जे सापडलं ते मला त्याहून जास्त आवडतं, म्हणून आज लिहून ठेवतेय.

भाड्याचं आधी. बंदराची फी असते, फ्रान्सचे कॅनॉल सांभाळणाऱ्या व्हीएनएफला बोटीच्या मापाप्रमाणे पैसे भरावे लागतात, विमा असतो, आणि विम्यासाठी ठरावीक वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाचा पत्रा अल्ट्रासाऊंडने मोजून घ्यायचा. आमची बोट १९२० च्या दशकातली डच मालवाहू, रिव्हेट मारलेली, त्यामुळे तो सर्व्हेवाला मशीन लावून एकेक आकडा वाचत असतो तेव्हा माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

आणि फिरण्याचं म्हणाल तर कॅनॉल द बूर्गोन्य २४२ किलोमीटरचा, त्यावर १८९ लॉक (दोन्हीकडे दारं असलेले हौद, त्यांत पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात), १८३२ साली पूर्ण झालेला. एका बाजूला योन नदी, दुसऱ्या बाजूला सोन, मध्ये डोंगर. म्हणजे पाण्याने डोंगर चढायचा! ३७८ मीटरवर पोचलं की पुई-आं-ओक्सुआचा तीन किलोमीटरहून लांब बोगदा, तो इतका ठेंगणा की आमच्यासारख्या बोटींना व्हीलहाऊस उतरवून ठेवावं लागतं. लॉकवर व्हीएनएफचा माणूस असतो, तो मोपेडवरून किंवा व्हॅनने आपल्या बरोबर पुढच्या लॉकला येतो, उद्या किती वाजता निघणार ते त्याला आधी सांगायचं. दुपारी त्याची जेवायची सुट्टी झाली की आपलीपण झाली, दोर बांधायचे आणि भात टाकायचा. बरेच लॉक अजून हाताने चालवतात, एका बाजूचं दार तो ढकलतो, दुसऱ्या बाजूचं नवरा आणि धाकटा मिळून. धाकट्याला लाइफ जॅकेट घालून ते दार पाठीने रेटताना बघितलं की मला वाटतं ह्या मुलाला आयुष्यात काहीतरी खरं मिळतंय.

शिवाय हे सगळं पाणी येतं कुठून? वरच्या तलावांतून, पाँतिये, ग्रोबुआ, सेर्से वगैरे, मुद्दाम कॅनॉलसाठी बांधलेले. एक लॉक ३९ मीटर लांब, पाच मीटरहून थोडा रुंद, आणि अडीचेक मीटर उतार, म्हणजे एकदा रिकामा केला की साधारण पाच लाख लिटर पाणी खाली गेलं. पाऊस कमी झाला तर मग लॉकवर दोन-तीन बोटी जमेपर्यंत थांबवतात आणि फारच कमी असेल तर कॅनॉलच बंद. आमची स्वतःची टाकी हजार लिटरची, त्यात चौघांच्या अंघोळी, भांडी, कपडे, त्यामुळे मुलं नळ किती सोडायचा ते न सांगता शिकली. पण खरं पाणी ते लॉकमधलं, ते आपलं नाही, मागे कोणीतरी साठवलेलं आणि पुढच्या बोटीलापण लागणारं, हे मोठीला मी समजावलं नव्हतं, तिने स्वतःच एकदा लॉकवर उभी असताना मला सांगितलं.

आता हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कॅनॉलचे भाग बंद करतात, त्याआधी जागा धरून बसायचं. आम्ही सँ-जाँ-द-लोनला आहोत, दिजोंपासून तीसेक किलोमीटरवर, जिथे कॅनॉल सोनला मिळतो. जुनं बंदर आहे, डच, जर्मन, इंग्लिश, फ्रेंच सगळे शेजारी. इथे खरा संसार चालतो. लाकडं स्टेरच्या मापाने घ्यायची, एक स्टेर म्हणजे रचलेली एक घनमीटर. गॅसचा सिलेंडर प्रोपेनचाच घ्यायचा कारण ब्युटेनचा शून्याच्या आसपास गॅसच होत नाही आणि सकाळचा चहा बोंबलतो. पोलादी भिंतींना आतून घाम सुटतो, म्हणून गाद्या उभ्या करून वाळवायच्या नाहीतर खालून बुरशी.

सगळ्यात जास्त लागतं ते शेजारच्या रिकाम्या बोटीचं. इंग्लंडचे आजी-आजोबा, रिटायर झाल्यापासून वर्षातले सहा-सात महिने इथे काढायचे, माझ्या मुलांना मासे पकडायला त्यांनीच शिकवलं. आम्ही २०१९ ला आलो, म्हणजे ब्रेक्झिटची ३१ डिसेंबर २०२० ची मुदत संपायच्या आत, म्हणून आम्हाला इथे राहायचं कार्ड मिळालं. ते इथले रहिवासी नव्हते, त्यांना आता १८० दिवसांत ९०च दिवस, नाहीतर लाँग स्टे व्हिसाची कागदपत्रं, आणि त्यांच्या वयाला ते सगळं झेपत नाही. किल्ली आमच्याकडे आहे. दर आठवड्याला जाऊन पंप, बॅटऱ्या, दोर बघून येतो आणि त्यांना फोटो पाठवतो. ब्रिटनच्या टीव्हीवर ब्रेक्झिट म्हणजे व्यापाराचे आकडे, माझ्यासाठी तो ह्या दोघांचा रिकामा डेक आहे आणि मला त्याचा अजूनही राग येतो.

आईचा फोन रोज रात्री. तिचा पहिला प्रश्न, नदी किती आहे? २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी होतं, आयर्विन पुलापाशी किती फूट झालं ह्याच्यावर तेव्हा अख्खी सांगली जागी असायची. म्हणून मी तिला विजिक्रू ह्या सरकारी पूर-साइटवरचा सोनचा आकडा वाचून दाखवते. सोनचा पूर सावकाश चढतो, दिवस-दिवस घेतो, आणि बोट काय, पाण्याबरोबर वर येते, पण दोर सैल करत राहावं लागतं आणि उतरताना तर जास्तच जपायचं, बोट काठावर अडकून कलंडायला नको. रात्री उठून शेजाऱ्यांचे दोरपण बघायचे असतात, आपण गाढ झोपलेले असलो की ते आपले बघतात. आईला हे ऐकल्यावर जरा धीर येतो. सोसायटी नाही म्हणणाऱ्या वहिनीला उद्या हेच लिहिणार आहे.

मोठी पुढच्या सप्टेंबरात सहावीत जाईल, शाळा बदलेल. नवऱ्याचं म्हणणं एखादं घर भाड्याने बघूया, तिला स्वतःची खोली हवी. खोली हवीच, ते मलाही पटतं. पण मोठीला आज विचारलं तर म्हणाली व्हीलहाऊसमध्ये पडदा लावून द्या, आणि कॅनॉल उघडला की वांदनेसला जायचं, वरती शातोनफचा किल्ला दिसतो तिथे. मी सध्या तिच्या बाजूने आहे. शनिवारी माप घेऊन बघतो, पडदा आणि एक फोल्डिंग टेबल बसतंय का ते.