ओळंबा आणि वछेरो
गेल्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका स्नेह्यांसाठी मी दीड वर्षाचे काठियावाडी शिंगरू, म्हणजे इथल्या गुजरातीतला वछेरो, पाहायला गेलो होतो. बडोद्यातला गिऱ्हाईक बहुधा टोकांशी एकमेकांना भिडणाऱ्या वळणदार कानांवर भाळतो, आणि त्यात रेवाल, म्हणजे धक्के न देणारी जलद चाल दिसली की व्यवहार ठरतोच. मी मात्र पुढचे पाय आधी पाहतो, कारण उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन त्यांच्यावर असते.

जनावर सपाट, टणक जमिनीवर उभे करावे. गवतात खूर लपतात. मी गवंड्याचा ओळंबा बरोबर नेतो. समोरून तो खांद्याच्या टोकाशी धरला, तर गुडघा, नळी म्हणजे गुडघ्याखालचे लांब हाड, नळीखालचा सांधा आणि खूर या सर्वांच्या मधोमध दोरी दिसली पाहिजे. खूर आत वळलेले असतील तर चालताना पाय बाहेर फेकला जातो. बाहेर वळलेले असतील तर तो आत येऊन शेजारच्या पायाला लागतो.

बाजूने पाहताना गुडघा मागे झुकलेला दिसला, तर मी ते जनावर घेऊ देत नाही. किंचित पुढे आलेला गुडघा चालवून घेता येतो, परंतु मागे झुकलेल्या गुडघ्यात दौडीच्या प्रत्येक टापेला सांध्यातल्या लहान हाडांच्या पुढच्या कडा दाबल्या जातात. असा एक घोडा मी तरुणपणी केवळ देखणा म्हणून घेतला होता. सहा वर्षांचा होण्याआधीच तो कायमचा लंगडा झाला, आणि त्याचे दुःख मला आजही आहे.

मागच्या पायांत विळ्यासारखा बाक नसावा, एवढे मी पाहतो. त्या पायांचे मधले सांधे एकमेकांकडे थोडे कललेले असले तर हरकत घेत नाही.

“वाढला की सरळ होईल,” असे विकणारा हमखास सांगतो. अरुंद छातीच्या लहान शिंगराचे बाहेर वळलेले पाय छाती रुंदावल्यावर पुष्कळदा सुधारतात, हे खरे आहे. परंतु नळीच्या खालच्या टोकाची बहुतेक वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते, त्यामुळे त्या सांध्यातले वाकडेपण दीड वर्षांनंतर खूर छाटून जात नाही, उलट एकाच बाजूने जास्त छाटल्यास सांध्यावर नवा ताण येतो.

त्या वछेऱ्याचा उजवा पाय नेमका त्याच सांध्यापासून आत वळलेला होता. मी अंगणात पाणी शिंपडून त्याला तीनदा सरळ चालवायला लावले आणि स्नेह्यांना ओल्या मातीतले ठसे दाखवले. त्याचे कान त्यांना फार आवडले होते, तरी त्यांनी विसार दिला नाही.