पटकीचे विष आणि शंभुनाथ डे

जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कलकत्त्यात पटकीने (कॉलऱ्याने) दगावलेल्या रोग्यांच्या आतड्यांत स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू पाहिला आणि तो एखादे विष तयार करत असावा, असा तर्कही मांडला. ते विष दाखवून द्यायला पुढे 75 वर्षे लागली, आणि ते दाखवले त्याच शहरातील कलकत्ता मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या शंभुनाथ डे यांनी. माझ्या पदवीच्या पाठ्यपुस्तकांत या विषाची रचना सविस्तर दिली होती. डे यांचे नाव मात्र त्यांत नव्हते.

विषाचा शोध घेणारे बहुतेक जण जिवाणू किंवा त्यांचा अर्क जनावराच्या शिरेत वा उदरपोकळीत टोचत असत. त्याने जनावर मरे, पण पटकीचे जुलाब काही होत नसत. डे यांनी 1953 मध्ये सशाच्या लहान आतड्याचा थोडा भाग दोन्हीकडून बांधून त्या बंद पोकळीत जिवाणू सोडले, तेव्हा ती पोकळी द्रवाने टम्म फुगली. 1959 मध्ये त्यांनी जिवाणू पूर्णपणे गाळून काढलेला द्रवच तिथे सोडला आणि तरीही तोच परिणाम दिसला. हा निबंध ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोग जिथे होतो तिथेच पाहायचे, हा या प्रयोगाचा सगळा गाभा आहे, आणि त्यासाठी ससा, दोरा व गाळणी यांपलीकडे फारसे काही लागले नाही, याचे मला आजही नवल वाटते.

पुढे शुद्ध स्वरूपात मिळालेल्या या विषाचे काम पेशीच्या पातळीवर फार बारकाईने उलगडले गेले. त्याचे पाच सारखे घटक मिळून एक कडे बनते आणि ते आतड्याच्या पेशीवरील जीएम-1 या मेदयुक्त रेणूला चिकटते. सहावा घटक पेशीत शिरतो आणि पेशीत संदेश पोहोचवणाऱ्या जी-प्रथिनाच्या एका घटकाला रासायनिक जोड देऊन ते कायमचे ‘चालू’ अवस्थेत अडकवून ठेवतो. परिणामी सायक्लिक एएमपी या पेशीतील संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढत राहते, क्लोराइड बाहेर सोडणारी वाहिनी उघडी राहते, आणि क्लोराइडमागोमाग सोडियम व पाणी आतड्यात उतरते. तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी असे जाऊ शकते. जिवाणू मात्र पेशीत शिरतच नाही आणि आतड्याचे अस्तरही शाबूत असते.

अस्तर शाबूत असल्यामुळेच उपचाराची वाट मोकळी राहते. ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्र आत ओढणारे प्रथिन या विषाने बिघडत नाही, म्हणून साखर-मिठाचे योग्य प्रमाणातील पाणी प्यायल्यास ते शोषले जाते. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी, 1971 मध्ये, पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे सलाइन संपत आल्यावर याच द्रावणावर भर दिला आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले.

नोबेल विजेते अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते, आणि 1978 मध्ये पटकीवरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण डे यांना मिळाले. आपल्याकडील विज्ञान अकादम्यांना मात्र 1985 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांना सदस्य करून घेणे सुचले नाही, आणि हे मला अक्षम्य वाटते.

विषाच्या जनुकांबाबतचा सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष त्यानंतर, 1996 मध्ये, वॉल्डर आणि मेकॅलॅनोस या अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मांडला. ही जनुके जिवाणूची स्वतःची नसून त्याला लागण करणाऱ्या तंतूसारख्या एका विषाणूने आणलेली आहेत. हा विषाणू जिवाणूत शिरण्यासाठी ज्या केसासारख्या धाग्याला धरतो, तोच धागा जिवाणूला माणसाच्या आतड्यात वसाहत करण्यासाठी लागतो. खाडीच्या मचूळ पाण्यात राहणाऱ्या बहुसंख्य व्हिब्रिओ कॉलरींकडे (हेच पटकीच्या जिवाणूचे शास्त्रीय नाव) ही जनुके नसतात, आणि त्यांच्यापासून पटकीची साथ पसरत नाही.